जुना डेस्कटॉप अपग्रेड करायचा की बदलायचा? पाकीट उघडण्याआधीची तपासणी

"कॉम्प्युटर स्लो झालाय, रॅम टाकू का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर तो विचारला की उत्तरही तसंच मिळतं: चार जीबीची रॅम आणि वर "साहेब, एकदम पळेल". घरी आणून लावल्यावर मशीन चालू व्हायला पूर्वीइतकाच वेळ घेतं, कारण अडत होती हार्ड डिस्क. मग हार्ड डिस्क बदलली जाते. मग कळतं की या मशीनवर विंडोज ११ बसतच नाही. तोवर इतके पैसे गेलेले असतात की "आता एवढं केलंच आहे तर एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून टाकू" इथवर गाडी येते.

चूक क्रमाची आहे: पार्ट आधी, तपासणी नंतर. इथे तो क्रम उलटा केला आहे. पहिल्या पाच टप्प्यांत खर्च जवळपास शून्य आहे, आणि बऱ्याच जणांचा निकाल तिसऱ्या टप्प्यावरच लागतो.

## तयारी

सामान घरातलंच: स्टार स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, मोबाइलचा टॉर्च, एक वही आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क.

कॅबिनेटला हात लावण्याआधी डेटा बाहेर काढा. 'माय डॉक्युमेंट्स' उचललं म्हणजे झालं, असं नाही. डेस्कटॉपवर विखुरलेल्या फायली, डाउनलोड्स, टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड हे सगळं हवं. मराठी टायपिंगचं जुनं काम असेल तर फॉन्टही कॉपी करा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा अहवाल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला, तर मजकुराच्या जागी नुसती चिन्हं दिसतात.

सावधान: हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल तर स्कॅन, डीफ्रॅग, फॉरमॅट यातलं काहीही करू नका. सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी कॉपी करा, बाकीचं नंतर. अशी डिस्क किती तास टिकेल हे कोणी सांगू शकत नाही.

खातरजमा: कॉपी केलेल्या दोन-चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. उघडल्या तरच बॅकअप झाला.

## टप्पा १ : मशीनकडून काम काय हवं ते लिहा

"सगळं फास्ट हवं" हे उत्तर चालणार नाही. आज नेमकं काय अडतं, अशा तीन गोष्टी वहीत लिहा. चालू व्हायला पाच मिनिटं लागतात, एक्सेलची मोठी शीट उघडली की हँग होतो, मुलीचा ऑनलाइन क्लास चालू असताना आवाज तुटतो, अशा. तिसऱ्या तक्रारीत दोष इंटरनेटचाही असू शकतो. तोच क्लास त्याच वायफायवर मोबाइलवर लावा. तिथेही आवाज तुटला तर कॉम्प्युटरवर खर्च करून काही होणार नाही.

याच पानावर लिहा: एखादं सॉफ्टवेअर याच मशीनला बांधलेलं आहे का? डाँगलवर (मशीनला लावायच्या छोट्या लायसन्स-किल्लीवर) चालणारं, जुन्या विंडोजवरच चालणारं, किंवा ज्याची सीडी हरवली आहे असं. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज लायसन्स मदरबोर्डला (सगळे पार्ट जोडले जातात त्या मुख्य बोर्डाला) बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की ते लायसन्स पुढे येईल असं धरून चालू नका. "बोर्ड-प्रोसेसर बदलून घ्या, बाकी तेच ठेवा" हा सल्ला ऐकायला स्वस्त वाटतो तो यामुळेच. ही बाजू त्यात धरलेली नसते.

## टप्पा २ : मशीनची पत्रिका मांडा

स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधून उघडा आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं मॉडेल (इथे 'बेसबोर्ड' म्हणून दिसतं), बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) मोड जुना 'लेगसी' आहे की नवा 'यूईएफआय', आणि सिस्टम ३२ बिट आहे की ६४ बिट, हे उतरवून घ्या. मग टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर रॅम किती, एकूण स्लॉट किती आणि त्यातले किती भरलेत ते पाहा. रॅम डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, हे सीपीयू-झेड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये खात्रीने कळतं.

"माझा आय-फाइव्ह आहे" यावरून काही कळत नाही. आय-फाइव्ह २००९ सालापासून येतो आहे. बघायची ती पिढी, आणि ती नावातल्या आकड्यात असते: आय-५ ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक पाहा, पाच अंकी असेल तर पहिले दोन.

मदरबोर्डच्या नावातही अशी खूण असते. एच-६१ हा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा बोर्ड, एच-८१ चौथ्या, एच-११० सहाव्या-सातव्या, एच-३१० आठव्या-नवव्या. पहिल्या दोन बोर्डांवर डीडीआर-३ रॅम बसते. एच-६१ ची कमाल १६ जीबी आहे आणि त्यावरचा डिस्क जोडायचा साटा पोर्टही जुन्या, निम्म्या वेगाचा.

नेहमीची चूक: ३२ बिटच्या विंडोजवर रॅम वाढवणं. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरत नाही. बोर्डवर ८ जीबी लावली तरी अर्धी पडूनच राहते. आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर 'अपडेट' होत नाही, नव्याने विंडोज टाकावं लागतं.

## टप्पा ३ : विंडोज ११ चं दार उघडतं का?

इथे थोडं थांबा, कारण बाकीचा हिशेब यावरच उभा आहे.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. मशीनवर नेट बँकिंग किंवा इन्कम टॅक्सचं काम होत असेल तर "चालतंय ना, चालू दे" हे धोरण मला पटत नाही.

विंडोज ११ ला ६४ बिटचा, मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), यूईएफआय आणि सिक्युअर बूट (खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच मशीन चालू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलमध्ये ही यादी तुरळक अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून. रायझनचं पूर्ण नाव यादीत मिळवून पाहा, कारण त्या मालिकेतले सगळेच मॉडेल यादीत नाहीत.

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा. "बसणार नाही" असं उत्तर आलं तर कशामुळे, ते वाचा. इथे लोक घाईने मशीन बाद करतात.

- अडचण फक्त टीपीएमची असेल तर तो बहुधा बायोसमध्ये बंद असतो. इंटेल बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने सापडतो. चालू करा.
- अडचण सिक्युअर बूटची असेल तर बायोस मोड 'लेगसी' असण्याची शक्यता मोठी. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, मगच मोड बदलायचा. उलट केलंत तर विंडोज चालूच होणार नाही.
- अडचण प्रोसेसरची असेल तर विषय संपला. निदान इंटेलच्या बाबतीत तरी.

एएमडीचा एएम-४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा) बोर्ड हा सुखद अपवाद. पहिल्या पिढीचा रायझन असलेल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर यादी पाहा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा, आणि यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो.

जुगाड करून विंडोज ११ चढवून देणारे भरपूर भेटतील. तसं बसतंही, पण मायक्रोसॉफ्ट त्या मशीनला अपडेटची हमी देत नाही. कोअर टू ड्युओवर तर २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तो जुगाडही चालत नाही, कारण या आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन्स) त्या प्रोसेसरला कळतच नाहीत.

दार बंद असेल आणि काम ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, पत्रव्यवहार एवढंच असेल, तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) हा खरा पर्याय आहे. पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतो. प्रिंटर चालतो का आणि मराठी टायपिंग जमतं का, ते तिथेच तपासा.

## टप्पा ४ : गाडी अडते कुठे ते मोजा

मशीन रीस्टार्ट करा, दहा मिनिटं हात लावू नका. मग वहीतलं पहिलं त्रासदायक काम करा आणि बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे बघायचे.

आधी मेमरी. ती ८५-९० टक्क्यांवर असेल तर डिस्कचा आकडा लगेच खरा धरू नका. रॅम भरली की विंडोज जास्तीचं सामान डिस्कवर टाकतं आणि डिस्कही १०० टक्के दिसायला लागते. मेमरी निवांत आहे आणि तरी डिस्क १०० वर चिकटून आहे, म्हणजे दोषी हार्ड डिस्क. प्रोसेसर एकटाच १०० वर असेल तर कोणतं सॉफ्टवेअर तो खातंय ते पाहा. कित्येकदा एकावर एक टाकलेले दोन अँटिव्हायरस सापडतात.

जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा डिस्कच निघते. फिरणारी हार्ड डिस्क इकडचा-तिकडचा बारीक डेटा सेकंदाला साधारण शंभर वेळाच उचलू शकते. साधी साटा एसएसडीसुद्धा (फिरणारे भाग नसलेली डिस्क) ते हजारोंनी करते. म्हणून एच-६१ च्या निम्म्या वेगाच्या पोर्टवरही एसएसडीचा फरक पहिल्या मिनिटाला जाणवतो.

खातरजमा: तिन्ही आकडे कमी आणि तरी मशीन रखडतंय? मग मशीन तापून स्वतःचा वेग कमी करत असेल, किंवा डिस्क मरणपंथाला असेल. पुढच्या टप्प्यात दोन्ही कळेल.

## टप्पा ५ : तब्येत तपासा

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवा. 'गुड' असेल तर ठीक. 'कॉशन' असेल आणि 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर'चा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचा) आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल, तर ती डिस्क बदलायचीच.

आता मेन स्विच बंद करून प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेट उघडा. आधी फोटो काढा, कुठली वायर कुठे जाते ते नंतर आठवत नाही.

मुंबईत आत काय सापडेल ते ठरलेलंच: धूळ, आणि पावसाळ्यातली दमट हवा. खिडकी समुद्राकडे असेल तर स्क्रू आणि पोर्टवर गंजही. रॅमच्या सोनेरी टोकांवर थर बसला की मशीन कधी चालू होतं, कधी नुसतं बीप करतं, आणि मालकाला वाटतं बोर्ड गेला. रॅम काढा, टोकांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने झाडा, परत दाबून बसवा. दोन्ही बाजूंच्या क्लिप 'टक्' करून लागल्या पाहिजेत. जुलै-ऑगस्टमध्ये 'मेलेले' अनेक डेस्कटॉप एवढ्यावर उठतात.

प्रोसेसरवरचा पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या झोताने गरगर फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झाली असेल तर नवी लावा. छोट्या ट्यूबमध्ये काम होतं.

मग टॉर्च मारून बोर्डावरचे गोल डब्यासारखे कपॅसिटर पाहा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा वर तपकिरी चिकट दिसला तर त्या बोर्डवर पुढे खर्च नको. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर तो मात्र किरकोळ रोग: सीआर२०३२ चा सेल बदला.

सावधान: एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब राहू शकतो. आणि कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या चाळींमध्ये आणि इमारतींमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी वायर जोडलेलीच नसते, असं बऱ्याचदा निघतं. अशा सॉकेटवर नवा पार्ट लावायचा नाही.

साफसफाईनंतर आठवडाभर मशीन वापरा आणि टप्पा ४ मधले आकडे पुन्हा घ्या. तक्रारी गेल्या असतील तर खरेदी रद्द.

## टप्पा ६ : हिशेब

माझी कसोटी सोपी आहे: आज घेतलेला पार्ट उद्याच्या मशीनमध्ये जाणार का? साटा एसएसडी जाते. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस बहुधा जातो. डीडीआर-३ रॅम जात नाही, आणि त्या काळातला प्रोसेसरही नाही. पुढे जाणाऱ्या पार्टवर मोकळेपणाने खर्च करा; इथेच संपणाऱ्यावर अगदी हात आखडून, तेही सेकंड-हँड.

तुलना नव्या मशीनशी करू नका, तिथे अपग्रेड कायम स्वस्तच दिसणार. तुलना करा कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या, आठव्या पिढीच्या किंवा पुढच्या रिफर्बिश्ड डेस्कटॉपशी. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे. विंडोज ११ चं दार बंद असलेल्या मशीनवरचा खर्च अशा डेस्कटॉपच्या एक तृतीयांशावर जात असेल तर मी थांबेन. भाव त्याच दिवशी विचारा: २०२५ च्या शेवटापासून रॅमच्या किमती इतक्या चढल्या आहेत की जुन्या व्हिडिओंमधले आकडे धरून बजेट करण्यात अर्थ नाही.

दोन उदाहरणं घेऊ. गिरगावातल्या एका सोसायटीचं ऑफिस समजा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी, हार्ड डिस्क. काम मेंटेनन्सची बिलं आणि नेट बँकिंग. सेक्रेटरी म्हणतात, "रॅम वाढवा." इथे रॅम नको. प्रोसेसरमुळे विंडोज ११ नाही आणि पैशांचे व्यवहार याच मशीनवर, म्हणजे रिफर्बिश्ड डेस्कटॉपच बरा. हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल तर एसएसडी आणि लिनक्स मिंटवर भागेल, आणि ती एसएसडी पुढे कामी येईल.

दुसरं उदाहरण दादरच्या एखाद्या डीटीपीवाल्याचं. विंडोज ७, डाँगलवरचं मराठी सॉफ्टवेअर, वीस वर्षांच्या फायली. याला अपग्रेड करायला गेलात तर धंदा बसेल. याची नेटची वायर काढा, सगळी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करा, जुनी डिस्क कपाटात ठेवा. ईमेल आणि पेन ड्राइव्हची ये-जा दुसऱ्या मशीनवर.

## टप्पा ७ : खरेदी

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. सोबत बोर्डाचा फोटो आणि शक्य तर जुनी रॅम काढून घेऊन जा. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्तीने बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो.

- स्वस्त डीडीआर-३ रॅम घेताना "इंटेल बोर्डावर चालेल ना?" हे स्पष्ट विचारा. फक्त एएमडी बोर्डांवर चालणारा मालही बाजारात फिरतो.
- एम.२ आकाराची एसएसडी दोन प्रकारची असते, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ सारख्या. स्लॉट असला तरी दोन्ही चालतीलच असं नाही, आणि जुन्या बोर्डांचा बायोस एनव्हीएमईवरून मशीन चालू करू शकत नाही. शंका असेल तर अडीच इंची साटा घ्या.
- ब्रँडेड मशीनचा एसएमपीएस मोजून बदला. डेल, एचपी, लेनोवोच्या अनेक मॉडेलमध्ये कनेक्टर वेगळा असतो आणि बारीक कॅबिनेटमध्ये नेहमीचा डबा बसतही नाही.
- पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. "वॉरंटी मी बघतो ना" याला वॉरंटी म्हणत नाहीत. वॉरंटी दुकानाची की कंपनीची, हे बिलावरच लिहून घ्या.

## टप्पा ८ : बसवण्याचा क्रम

एका वेळी एकच पार्ट. रॅम आणि एसएसडी एकदम लावलीत आणि मशीन चालू झालं नाही, तर दोष कोणाचा ते कळणार नाही.

रॅम घेतली असेल तर ती आधी. विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवा आणि एक दिवस वापरा. मग एसएसडी. दुरुस्तीवाले बहुधा क्लोन करून देतात, लवकर होतं म्हणून. माझं मत नव्याने विंडोज टाकावं, नाहीतर दहा वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर येतो. डीटीपीवाल्यासारखी सक्ती असेल तरच क्लोन. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'एएचसीआय' आहे ना, हे विंडोज टाकण्याआधी पाहा, नंतर बदलला तर विंडोज चालू होताना अडतं.

सर्वात जास्त होणारी चूक: विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवणं. इन्स्टॉलर बूटच्या फायली कधी कधी जुन्या डिस्कवर टाकतो. महिन्याने ती काढली की मशीन चालूच होत नाही. इन्स्टॉल करताना फक्त एसएसडी जोडा, विंडोज नीट चालू झाल्यावर मग जुनी.

जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका. विसरलेली फाइल नेहमी तिसऱ्या आठवड्यात आठवते. आणि मशीन एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात देणार असाल तर डिस्क काढून घेऊनच द्या. 'डिलीट' केलेला डेटा परत काढता येतो, साधा क्विक फॉरमॅट मारलेलाही. डिस्क देणारच असाल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा. चालू होत नसेल तर ती फोडून, बाकीच्या ई-कचऱ्याबरोबर अधिकृत रीसायकलरकडे द्या.